कुंडीतली चिलटं घालवायची कशी: योग्य क्रम, वेळापत्रक आणि नेहमीच्या चुका

घरातल्या झाडांभोवती घोंघावणाऱ्या बारीक काळ्या चिलटांवर आपण जे उपाय करतो, ते जवळजवळ सगळे उडणाऱ्या चिलटांवर असतात. डासांची बॅट, कापराचा धूर, व्हिनेगरची वाटी, डासांचा स्प्रे. चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेवढीच चिलटं दिसतात. उडणारं चिलट मुळात आठवडा-दहा दिवसच जगतं. तुम्ही हात लावला नाही तरी ते मरणारच असतं. त्याआधी मादी मातीत शंभर-दोनशे अंडी घालून मोकळी झालेली असते.

खरी वस्ती असते कुंडीतल्या वरच्या दोन-तीन इंच मातीत. साधारण 24 अंश तापमानाला अंडी 3 दिवसांत फुटतात, अळी 10 दिवस मातीत खात राहते, मग 4 दिवस कोषात, की नवं चिलट तयार. म्हणजे एक पिढी जेमतेम 17 दिवसांची. थंडीत हाच काळ लांबतो. हे आकडे डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं वेळापत्रक त्यांच्यावरच बेतलेलं आहे. आज मातीतल्या सगळ्या अळ्या मारल्या तरी अंडी आणि कोष शिल्लक राहतात, म्हणून एकदाच केलेला कोणताही उपाय पुरत नाही.

## आधी तयारी

सुरुवात करण्यापूर्वी हे जमवून ठेवा. अर्ध्यावर सामान शोधत बसलात तर मधला आठवडा फुकट जातो, आणि त्या आठवड्यात पुढची पिढी बाहेर पडते.

- पिवळे चिकट सापळे. कृषी सेवा केंद्रात किंवा ऑनलाइन मिळतात. निळे घेऊ नका, ते फुलकिड्यांसाठी असतात.
- एक कच्चा बटाटा.
- खराट्याच्या काड्या किंवा बांबूच्या बारीक काड्या.
- अळ्यांवरचं औषध. कोणतं, ते पायरी 6 मध्ये सांगितलं आहे. आधी ती पायरी वाचा आणि मगच दुकानात जा.
- मापाचा कप आणि मिलीच्या खुणा असलेली सिरिंज. चमच्याने औषध मोजू नका.
- वही किंवा फोनमधलं कॅलेंडर. चार ते पाच आठवड्यांचं काम आहे, तारखा तोंडपाठ राहत नाहीत.

गावाला जायचं असेल, लग्नसराई असेल, तर परत आल्यावर सुरू करा. मध्ये खंड पडला की पहिल्यापासून मोजायला लागतं.

## पायरी 1: ही तीच चिलटं आहेत याची खात्री करा

घरात बारीक उडणारे किडे चार-पाच प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचं घर वेगळं. केळ्यांवर, आंब्यांवर, ओल्या कचऱ्याच्या डब्यावर घिरट्या घालणारी, लालसर डोळ्यांची, तपकिरी रंगाची माशी ही फळमाशी. तिचा कुंडीशी संबंध नाही. बाथरूमच्या भिंतीवर बसून राहणारी, पतंगासारख्या केसाळ पंखांची माशी ही गटारमाशी. तिचा बंदोबस्त मोरीच्या जाळीत करायचा असतो. झाड हलवल्यावर पानांच्या मागून पांढरी भुकटी उडाल्यासारखं दिसलं तर ती पांढरी माशी, आणि तिची लढाई पानांवर असते.

आपलं चिलट सुमारे 2 ते 3 मिलीमीटरचं, काळं-करडं, लांब पायांचं, थोडं डासासारखं दिसणारं. उडण्यात कच्चं. कुंडीला टिचकी मारली की मातीवरून उठतं, वाकडंतिकडं उडतं आणि पुन्हा मातीवर येऊन धावतं. उजेडाकडे ओढलं जातं, म्हणून खिडकीच्या काचेवर आणि रात्री लॅपटॉपच्या पडद्यावर दिसतं. चावत नाही.

तपासून घ्या: बटाट्याची चाचणी. कच्च्या बटाट्याच्या सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या करा. संशय असलेल्या प्रत्येक कुंडीत एक चकती मातीवर दाबून बसवा, कापलेली बाजू मातीला टेकलेली. दोन दिवसांनी उचलून खालची बाजू आणि चकतीखालची माती उजेडात बघा. पारदर्शक पांढरट, 5-6 मिलीमीटरपर्यंत लांब, डोकं मात्र काळं चकचकीत, अशा अळ्या दिसल्या की निदान पक्कं. चकत्या लगेच पिशवीत बांधून फेका. तिथेच राहिल्या तर त्या कुजून अळ्यांचंच जेवण होतील.

पांढरे, चपळ, उड्या मारणारे बारीक किडे दिसले तर ते बहुधा स्प्रिंगटेल. माती ओली राहते एवढंच ते सांगतात, झाडाला त्रास देत नाहीत. गांडूळखतातून आलेली गांडुळाची पिल्लंही लोक अळ्या समजतात. काळं डोकं नसेल तर ती आपली अळी नाही.

## पायरी 2: कुंड्यांची विभागणी

बटाट्याच्या चाचणीवरून सगळ्या कुंड्यांचे तीन गट करा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण ती गाळतात आणि सरसकट सगळ्या कुंड्यांत औषध ओततात. त्यामुळे ज्या झाडाला पाणी नकोच होतं त्यालाही पाणी मिळतं.

पहिला गट, कोरडं सहन करणारी झाडं: स्नेक प्लांट, झीझी, जेड, कोरफड, मनीप्लांट, रबर प्लांट. यांतल्या बहुतेकांना औषधाची गरजच पडत नाही. माती वाळू दिली की काम होतं.

दुसरा गट, ओलावा लागणारी झाडं: पीस लिली, कॅलाथिया, नेचे, पुदिना. यांना पूर्ण वाळवता येत नाही, म्हणून औषध लागतं.

तिसरा गट, बी पेरलेले ट्रे आणि कोवळी रोपं: मिरची, टोमॅटो, कोथिंबीर, मायक्रोग्रीन. खरं नुकसान इथे होतं. मोठ्या झाडाच्या काही मुळ्या खाल्ल्या गेल्या तर ते निभावून नेतं. रोपाची कोवळी मुळं कुरतडली की ते एका रात्रीत कोलमडतं. शिवाय ही चिलटं मूळकुजीचे जंतू एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेतात.

अळ्या सापडलेल्या कुंड्या एका खोलीत किंवा गॅलरीच्या एका कोपऱ्यात एकत्र ठेवा. रोपांचे ट्रे त्यांच्यापासून जेवढे लांब ठेवता येतील तेवढे ठेवा.

## पायरी 3: पाणी तोडा

सगळ्या पायऱ्यांपैकी एकच करणार असाल तर ही करा. अंडी आणि अळ्या कोरड्या मातीत टिकत नाहीत, आणि मादी अंडी घालायला ओलसर मातीच निवडते.

पाणी कधी द्यायचं, हे वार ठरवून नको, माती बघून ठरवा. खराट्याची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओली, माती चिकटलेली आली तर पाणी नाही. दुसऱ्या गटातल्या झाडांसाठी बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली की पाणी. पहिल्या गटासाठी काडी खालपर्यंत कोरडी आल्यावरच. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावलीत तर आणखी बरं. दोन-तीनशे रुपयांचे ओलावा मोजणारे मीटर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) सैल मिश्रणात वाटेल ते आकडे दाखवतात. मी त्यांच्यावर पैसे घालवणार नाही.

आता पावसाळ्याचं. "माती वाळू द्या" हा सल्ला जिथून येतो तिथे घरातली हवा कोरडी असते. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी आर्द्रता असते की प्लास्टिकच्या कुंडीतली माती तीन आठवडे ओलीच राहते. पुण्या-नाशकातही संततधार लागली की तीच गत. विदर्भात मे महिन्यात जे चार दिवसांत होतं, ते इथे पावसाळ्यात होत नाही. तेव्हा केवळ पाणी बंद करून वाट बघत बसू नका. त्यासोबत हे करा:

1. कुंड्यांवर पंखा येईल अशी जागा द्या. मंद पंख्यानेही वरचा थर वाळतो, आणि चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही.
2. शोभेच्या बाहेरच्या कुंडीतून आतली कुंडी बाहेर काढा. दोन कुंड्यांच्या मधल्या फटीत कोंडलेली ओल माती वाळू देत नाही.
3. गॅलरीतल्या कुंड्या पावसाचे तुषार पोहोचणार नाहीत इतक्या आत घ्या.
4. मातीचा वरचा सेंटिमीटरभर थर काट्या-चमच्याने हलकेच मोकळा करा. हिरवट शेवाळ, पांढरी बुरशी, पडलेली पानं काढून टाका.
5. खिडकीजवळ उजेडात ठेवा. अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड पाणी पीतच नाही.

सावध: कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ताटली ओतून पुसा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डासही वाढतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी तपासणीला येतात तेव्हा या ताटल्या हमखास बघतात.

नर्सरीतून आणलेल्या झाडांची वेगळी गोची. बरीच झाडं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात आणि आपण त्या गोळ्याभोवती सैल कोकोपीट भरतो. बाहेरचं मिश्रण वाळतं, आतला गोळा चिंब राहतो, किंवा उलट. अशा कुंडीत काडी कडेला खुपसून उपयोग नाही, खोडाजवळ हलक्या हाताने खुपसा.

## पायरी 4: चिलटांचं जेवण बंद करा

अळ्या जगतात बुरशीवर, शेवाळावर आणि कुजणाऱ्या पदार्थांवर. मुळं त्या नंतर खातात. आणि आपण काय करतो? चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, केळ्याच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, ताक, कॉफीचा गाळ, जीवामृत, सगळं प्रेमाने कुंडीत ओततो. मोकळ्या अंगणात हे खपून जातं, कारण तिथे ऊन, वारा आणि हे सगळं खाऊन टाकणारे हजार जीव असतात. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमधल्या सहा इंची कुंडीत तसं काही नसतं. चिलटं जाईपर्यंत यातलं काहीही नको. मला विचाराल तर घरातल्या कुंडीत ते नंतरही नको.

निंबोळी पेंडीबद्दल गैरसमज फार आहे. कडुनिंब म्हटल्यावर कीड मरणारच, असं धरून लोक मूठभर पेंड मातीवर पसरतात. ओल्या मातीवर पसरलेल्या पेंडीवर दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि चिलटं तिथेच जमतात. पेंड घालायचीच असेल तर कुंडी भरतानाच मिश्रणात मिसळायची, वर पसरायची नाही.

स्वयंपाकघरातला ओला कचरा गॅलरीत कंपोस्ट करत असाल तर तो डबाही तपासा. झाकण उघडल्यावर चिलटांचा ढग उठला तर कुंड्या कितीही साफ केल्या तरी पुरवठा चालूच राहणार. डब्यात सुकी पानं किंवा कोरडं कोकोपीट भरपूर घाला, वर दोन-तीन इंचांचा सुका थर ठेवा, आणि हवेच्या भोकांना मच्छरदाणीची जाळी लावा.

## पायरी 5: पिवळे सापळे, पण योग्य जागी

सापळ्याने चिलटं संपत नाहीत. सापळा दोन कामं करतो: अंडी घालणाऱ्या माद्या कमी करतो, आणि आपला उपाय लागू पडतोय का ते आकड्यात सांगतो. दुसरं काम जास्त महत्त्वाचं.

मोठा सापळा पडद्याच्या दांडीला लटकवला तर फारसं काही लागत नाही, कारण ही चिलटं मातीलगतच वावरतात. सापळ्याचे वीतभर तुकडे कापा, खराट्याच्या काडीला लावा आणि मातीपासून एक-दोन इंचांवर खोचा. मातीवर आडवा ठेवलेला तुकडा उभ्यापेक्षा जास्त पकडतो. कोपऱ्यात पेनाने तारीख लिहा. दर आठवड्याला त्याच वारी चिलटं मोजा, आकडा लिहा, सापळा बदला.

सावध: पाल या सापळ्याला चिकटते, आणि तो प्रकार पालीसाठी आणि तुमच्यासाठीही वाईट असतो. मोठे सापळे जमिनीवर किंवा भिंतीलगत उघडे ठेवू नका. चिकटलीच तर ओढू नका. थोडं खाद्यतेल लावून डिंक सैल करा. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर सापळ्याभोवती जाळीदार टोपली उपडी घाला.

व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाची वाटी फळमाशीला चांगली लागू पडते. कुंडीतल्या चिलटांपैकी तिच्यात थोडीच पडतात. ठेवायची तर ठेवा, पण तिच्यात चिलटं दिसली नाहीत म्हणजे घरातली संपली असं समजू नका.

## पायरी 6: मातीतल्या अळ्या मारा

या पायरीवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा.

### कोणतं औषध

बीटीआय हा माझा पहिला पर्याय. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस. हा जिवाणू डासांच्या आणि या चिलटांच्या अळ्यांच्या पोटात गेला की आतड्याचा नाश करतो. माणसाला, मांजराला, गांडुळाला त्रास नाही. पण अळीने तो खावा लागतो, म्हणून अंडी, कोष आणि उडणारी चिलटं यांच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. मातीत तो फार दिवस टिकतही नाही.

दुकानात जाऊन नुसतं "बीटी द्या" म्हणालात तर कृषी सेवा केंद्रवाला बहुधा कुर्स्टाकी जातीचं बीटी देईल. ते पतंगवर्गीय अळ्यांसाठी असतं, कोबीवरच्या किंवा टोमॅटोवरच्या. चिलटाच्या अळीवर ते चालत नाही. बाटलीवर "इस्राएलेन्सिस" हा शब्द असल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्याकडे ते डास-नियंत्रणासाठी द्रव किंवा पावडर स्वरूपात विकलं जातं, आणि लेबलवरचं माप साठलेल्या पाण्यासाठी असतं. कुंडीसाठी माप काय, हे उत्पादकाच्या ग्राहकसेवेकडून लेखी विचारून घ्या, अंदाजाने दुप्पट घालू नका.

अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीचा तयार अर्क, हा दुसरा पर्याय आणि मिळायला सर्वांत सोपा. 300, 1500, 10000 पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग औषध) अशा वेगवेगळ्या तीव्रतेचा मिळतो, आणि मापातली चूक इथेच होते. एका मैत्रिणीने सांगितलेलं "लिटरला 5 मिली" तिच्या 1500 पीपीएमच्या बाटलीचं असतं, तुमच्या हातात 10000 ची असते. 1500 पीपीएमसाठी सहसा लिटरला 3 ते 5 मिली घेतात. तुमच्या बाटलीवर जे छापलं असेल ते प्रमाण. हे औषध अळीला लगेच मारत नाही, तिची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. दुसऱ्या दिवशी अळ्या हलताना दिसल्या म्हणून पुन्हा ओतू नका.

अर्काऐवजी घाण्याचं कडुनिंबाचं तेल मातीत ओतू नका. ते पाण्यात मिसळत नाही, मातीवर तवंग धरतं आणि पुढच्या वेळी पाणी आत मुरत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड तिसरा, नाइलाजाचा. अंगावर पडला तर अळी मरते, पण मातीतले उपयोगी जिवाणूही मरतात, आणि काही वेळातच त्याचं पाणी होऊन जातं. इंटरनेटवरची "एक भाग पेरॉक्साइड, चार भाग पाणी" ही कृती 3 टक्क्यांच्या बाटलीची आहे. आपल्या मेडिकलच्या दुकानात सहसा 6 टक्क्यांची, म्हणजे 20 व्हॉल्यूमची बाटली मिळते. तिच्यासाठी एक भागाला नऊ भाग पाणी. लेबल वाचल्याशिवाय मिसळू नका, आणि प्रयोगशाळेतली 30 टक्क्यांची बाटली या कामासाठी घरात आणूच नका; ती कातडी भाजते. एकदा, फार तर दोनदा वापरा.

दालचिनी पूड, हळद, राख, लसणाचं पाणी यांच्याबद्दल विचारणा होतेच. थोडीफार बुरशी कमी होत असेल, पण फक्त त्यांच्या भरवशावर अळ्यांनी भरलेली कुंडी साफ होत नाही.

सावध: फोरेटचे दाणे, गावाकडे थिमेट म्हणून ओळखले जाणारे, घरातल्या कुंडीत कधीही घालू नका. अत्यंत विषारी आहे, आणि भारतात 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आहे. कुणाच्या गोठ्यात जुनी पिशवी उरली आहे म्हणून ती आणायची नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी झाडात भिनणारी औषधं तुळस, पुदिना, कोथिंबीर, गवती चहा यांच्या कुंडीत नकोतच.

### कसं ओतायचं

औषध हे त्या वेळच्या पाण्याऐवजी द्यायचं, पाण्याशिवाय जास्तीचं नाही. म्हणजे झाड पाण्याला आलं की त्या दिवशी साध्या पाण्याच्या जागी औषधाचं पाणी. ओल्या मातीवर औषध ओतलं तर पायरी 3 वर पाणी पडलं.

पण माती अगदी खडखडीत वाळली असेल तरीही थेट ओतू नका. सुकलेलं कोकोपीट पाणी झटकतं. औषध कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जातं आणि अळ्या राहतात तशाच. आधी थोडं साधं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग औषध.

वरची दोन-तीन इंच माती सगळीकडून भिजली पाहिजे, खोडाजवळची आणि कडेचीही. तळातून बाहेर आलेलं पाणी ओतून टाका. या आठवड्यांत खालून, ताटलीत ठेवून पाणी पाजायचं नाही, कारण अळ्या वर आहेत आणि औषध खाली राहील. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

### किती वेळा

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला दर 7 दिवसांनी, सलग 4 वेळा. बीटीआय असेल आणि माती लवकर सुकत असेल तर 5 दिवसांनीही चालेल. पहिल्या गटातलं झाड आठवड्यात पाणी मागत नसेल तर त्याला औषधही नको. कोरडेपणाच पुरेसा आहे.

तपासून घ्या: पहिले दहा-बारा दिवस चिलटं जवळपास तेवढीच दिसतील. कोषातली बाहेर येत असतात आणि आधीची अजून जिवंत असतात. "काही फरक नाही" म्हणून पाचव्या दिवशी औषध बदलणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. सापळ्यावरचा आकडा तिसऱ्या आठवड्यात ठळकपणे उतरला पाहिजे. उतरला नाही तर औषधाला दोष देण्यापूर्वी पायरी 3 आणि 4 पुन्हा बघा, आणि एखादी कुंडी तपासायची राहिली आहे का ते शोधा. कपाटावरची, फ्रिजमागची, बाथरूमच्या खिडकीतली कुंडी हमखास राहते.

## पायरी 7: वाळूचा थर, घालायचाच असेल तर

दुसऱ्यांदा औषध दिल्यानंतर मातीवर दीड-दोन सेंटिमीटर जाड, धुतलेल्या भरड वाळूचा थर देता येतो. तो लवकर सुकतो आणि मादीला अंडी घालायला ओलसर फट मिळत नाही. त्याहून पातळ थराचा उपयोग नाही. बांधकामाची बारीक, मातकट वाळू नको, ती सिमेंटसारखी बसते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू तर नकोच, तिच्यातलं मीठ झाडाला मारेल.

शोभेचे पांढरे गोटे ही वाळूची जागा घेत नाहीत. गोट्यांमधल्या फटींतून चिलट आरामात खाली जातं, आणि गोट्यांखालची माती उलट जास्त दिवस ओली राहते. घातले असतील तर काढा.

वाळू घातल्यावर माती डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे काडीची चाचणी चुकवू नका. वाळूखालची माती हळू वाळते. चिलटं कुंडीच्या तळातल्या भोकांतूनही ये-जा करतात, म्हणून वाळू घातली की काम संपलं असं नाही.

## पायरी 8: कुंडी बदलायची की नाही

चिलटं दिसली की लगेच सगळी माती फेकून नवी भरणं ही घाई आहे. मुळांना चिकटलेल्या मातीसोबत अंडी नव्या कुंडीत जातात, आणि नव्या मिश्रणात गांडूळखत भरपूर असेल तर त्यांची चंगळ होते.

कुंडी बदला फक्त तीन कारणांसाठी: मातीला कुजका वास येतोय, मुळं तपकिरी होऊन बोटांनी दाबल्यावर सुटतायत, किंवा पाणी दहा मिनिटांतही खाली मुरत नाही. तेव्हा कुजकी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, जुनी माती जमेल तेवढी झटका, कुंडी साबणाने घासून उन्हात वाळवा. तळाच्या भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा आणि त्यावर खापरीचा तुकडा ठेवा. मिश्रण घरातल्या झाडांसाठी पाण्याचा निचरा करणारं हवं: दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (माती सैल ठेवणारे हलके पांढरे दाणे), एक भाग भरड वाळू, आणि गांडूळखत अर्ध्या भागाहून जास्त नको. कोकोपीटची वीट उकळत्या पाण्याने फुगवा, म्हणजे तिच्यातली अंडी-अळ्या राहत नाहीत.

काढलेली माती पिशवीत घट्ट बांधून फेका. शेजारच्या कुंडीत टाकू नका. पुन्हा वापरायचीच असेल तर एप्रिल-मेपर्यंत बांधून ठेवा, मग किंचित ओलसर करून गच्चीवर पातळ थरात पसरा, पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका आणि चार आठवडे कडक उन्हात राहू द्या.

## काही अडचणीच्या जागा

तुळस. रोज पाणी घालण्याची रीत मोडायला कुणी सांगत नाही, पण तांब्याभर पाणी रोज, तेही फ्लॅटच्या बंद गॅलरीत, म्हणजे चिलटांना आमंत्रण. रोजचं पाणी पळीभर ठेवा आणि खरं पाणी माती वाळल्यावर द्या. आजी-आजोबा, सासूबाई, कामाच्या मावशी आणि तुम्ही असे चौघं वेगवेगळ्या वेळी पाणी घालत असाल तर आधी ते ठरवून घ्या. पुष्कळ घरांत चिलटांचं मूळ इथेच असतं.

रोपांचे ट्रे. नवं, कोरडं साठवलेलं कोकोपीट वापरा, पहिल्या पाण्यापासूनच बीटीआय द्या, आणि अंकुर आले की झाकण काढून हवा लागू द्या.

परदेशात असाल तर. ब्रिटन, युरोप, अमेरिकेत हिवाळ्यात उजेड कमी असतो, झाड पाणी फार कमी पितं आणि आपण मात्र भारतातल्या सवयीने पाणी देत राहतो. तिथे स्टाइनरनेमा फेल्टिए हे सूत्रकृमी, म्हणजे अळ्यांना मारणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, सहज मागवता येतात आणि या अळ्यांवर उत्तम काम करतात. त्यांना थंड माती लागते, आपल्या उन्हाळ्यात ते तग धरत नाहीत.

## पायरी 9: थांबायचं कधी, आणि नवं झाड आणताना

सलग दोन आठवडे सापळे रिकामे राहिले आणि बटाट्याची चाचणीही कोरी आली की औषध थांबवा. सापळा मात्र एखाद-दुसऱ्या कुंडीत राहू द्या, विशेषतः जूनपासून दिवाळीपर्यंत.

नर्सरीतून झाड घेताना कुंडीला टिचकी मारून बघा. काही उडालं तर ते झाड तिथेच ठेवा. आणलेलं झाड तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं, स्वतःच्या पिवळ्या सापळ्यासह ठेवा. भेट म्हणून आलेल्या झाडालाही हाच नियम. उघडलेली पॉटिंग मिक्सची पिशवी चिमट्याने बंद करून कोरड्या जागी ठेवा, आणि वापरण्यापूर्वी तिच्यातही बटाट्याची एक चकती दोन दिवस ठेवून बघा.